तीन पीस घेतले की भाव उतरतो, पण तीन लागतात का?

पत्र असं आलंय, थोडं आखडून देतो:

"ताई, मी २७ वर्षांची, कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, एका खासगी बँकेत नोकरी. डिसेंबरात मी आणि मामेबहीण पाच रात्रींसाठी बँकॉकला चाललोय, पहिलीच परदेशवारी. कपड्यांसाठी १५ हजार बाजूला काढलेत. रील्समध्ये सगळ्या पोरी तिथून बॅगा भरभरून आणतात, पण मला एक्सएल लागतो, भाव अजिबात करता येत नाही (आई बरोबर नसली की महाद्वार रोडला सांगतील ती किंमत देऊन येते) आणि स्वस्त घ्यायच्या नादात काहीतरी टुकार घेऊन येईन अशी भीती वाटते. ऑफिसला घालायला कपडे हवेत, फेब्रुवारीत भावाचं रिसेप्शन आहे त्यासाठी एक ड्रेस हवाय, आणि घरच्यांनी दिलेली यादी वेगळीच. कुठं जाऊ, काय घेऊ? – गोंधळलेली"

अगं गोंधळलेले, आधी ती घरच्यांची यादी बाजूला ठेव. काकूला टॉप, वहिनीला पर्स, शेजारच्या पिंकीला "तसलं काहीतरी कोरियन टाइप", हे सगळं १५ हजारात बसवायला गेलीस तर तुझ्या वाट्याला विमानतळावरचं चॉकलेट येईल. सगळ्यांना तिथलं सुकवलेलं आंब्याचं पाकीट आण, खूश होतात, आणि मापाचा प्रश्न येत नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा (हो, मी बाईच आहे, पण कोल्हापूरची, 'गेले' म्हटलं की माझं मलाच पाहुण्यासारखं वाटतं) सात जणांची यादी घेऊन गेलो होतो आणि स्वतःसाठी एक पँट घेऊन आलो, ती पण फ्री साइज. त्या पँटची गोष्ट येते पुढं.

आता हिशोब. एक बाट म्हणजे अडीच-पावणेतीन रुपये धर, निघायच्या दिवशीचा खरा भाव बघून घे. म्हणजे तुझे १५ हजार झाले साधारण साडेपाच हजार बाट. तिथं एकदा बाटात बोलायला लागलं की डोकं फिरतं, तीनशे म्हणजे काय तीनशेच तर आहेत असं वाटतं आणि तो आकडा आठशेच्या घरातला असतो हे रात्री हॉटेलवर बॅग उघडल्यावर कळतं. म्हणून प्रत्येक वेळी मनात रुपयात करायचं आणि विचारायचं, एवढ्याला हे मी राजारामपुरीत घेतलं असतं का? नसतं घेतलं तर पुढं चल.

कुठं जायचं तर पहिला मुक्काम प्रतुनाम. थाईत प्रतू म्हणजे दार आणि नाम म्हणजे पाणी, शेजारच्या सेनसेप कालव्यावरच्या पाण्याच्या दारावरून पडलेलं नाव आहे. बायोक नावाची ती उंचच्या उंच इमारत दिसते ना फोटोत, तिच्या पायथ्याला सगळा कपड्यांचा बाजार आहे, रस्त्यावर, गल्लीत, छपराखाली, आणि तिथून चालत थोडक्यावर प्लॅटिनम फॅशन मॉल. मॉल म्हटल्यावर तुझ्या डोळ्यासमोर चकचकीत शोरूम येत असतील तर ते पुसून टाक. प्लॅटिनम म्हणजे आपलं कोल्हापूरजवळचं कापडबाजाराचं गांधीनगर आहे, फक्त एसी लावलेलं आणि एकावर एक मजले चढवलेलं. दोन हजारांच्या वर गाळे, एकेक गाळा आपल्या स्वयंपाकघराएवढा, पोरगी स्टुलावर बसून भात खातीय आणि डोक्यावर चाळीस ड्रेस लटकतायत. धंद्याची पद्धतसुद्धा तीच. एक घेतलास तर एक भाव, तीन घेतलेस की होलसेल भाव, बऱ्याच ठिकाणी दोन्ही आकडे पुठ्ठ्यावर लिहूनच ठेवलेले असतात. गांधीनगरला सिंधी दुकानदार सांगतो ना, "बहेनजी सिंगल पीस का रेट अलग है", अगदी तसंच. (जाता जाता, आपल्या गांधीनगरच्या जागी आधी वळिवड्याचा कॅम्प होता, दुसऱ्या महायुद्धात पोलंडहून आलेले हजारो लोक तिथं राहायला होते, मग फाळणीनंतर सिंधी मंडळी आली आणि कापडाचा बाजार उभा राहिला. आपण परदेशी बाजाराला घाबरतो आणि घराशेजारी एवढा इतिहास पडलाय, असो.)

आता इथंच लोक फसतात, आणि कुणी फसवत नाही, आपणच फसतो. २०० बाटचा टॉप तीन घेतले तर १६० ला पडतो म्हणून माणूस तीन घेतो. एक आवडलेला, दुसरा तोच दुसऱ्या रंगात, तिसरा "राहू दे कुणाला तरी देऊ". म्हणजे पीसमागं ४० वाचवायला गेला आणि २०० च्या जागी ४८० देऊन आला. तुम्ही दोघी आहात ना, मग जोडीनं घ्या, दोन तुझे एक तिचा, दुसऱ्या गाळ्यात दोन तिचे एक तुझा. बऱ्याच गाळ्यात तीन वेगवेगळे पीस पण चालतात, त्याच दुकानातले असले म्हणजे झालं. विचारून घ्यायचं, लाजायचं नाही.

बरं, साइज. तुझा खरा प्रश्न हाच आहे आणि याचं उत्तर कुठल्या रीलमध्ये मिळणार नाही कारण रील करणाऱ्या पोरी सगळ्या काडीसारख्या असतात. तिथलं माप आपल्यापेक्षा बारीक चालतं, आपला एक्सएल तिथं एक्सएल म्हणून मागितलास तर खांद्यात अडकेल. आणि फ्री साइज हा शब्द दिसला की सावध हो. मी घेतलेली ती पँट फ्री साइज होती, कमरेला इलॅस्टिक, गाळ्यातल्या बाईनं दोन्ही हातांनी ताणून दाखवलं की बघा किती ताणतंय, मला पटलं, घरी येऊन घातली तर कंबर गेली बरोबर, पण मांडी घालून जेवायला बसायची सोय नाही. इलॅस्टिक फक्त कमरेला असतंय, मांडीला नसतंय, हे ज्ञान मला साडेसातशे रुपयाला पडलं. ट्रायल करून बघायची होतीस की असं म्हणशील, तर बऱ्याच छोट्या गाळ्यात ट्रायल नसतीच, असली तर एक पडदा नाहीतर वरून सरकवायचा घोळदार स्कर्ट देतात, आणि घेतलेलं परत-बिरत काही घेत नाहीत.

म्हणून निघायच्या आधी एक काम कर, अर्ध्या तासाचं आहे. कपाटातला तुला सगळ्यात छान बसणारा एक टॉप, एक पँट, एक ड्रेस काढ. पलंगावर सपाट पसर, टेप घे आणि माप. टॉपचा खांदा या शिवणीपासून त्या शिवणीपर्यंत, काखेखालून छाती (सपाट माप आलं की दुप्पट), दंडाचा घेर, उंची. पँटची कंबर, सीट, मांडी, आणि पुढची सीट कमरेपासून खाली शिवणीपर्यंत, याला विसरू नकोस, वाइड लेग पँटी तिथं ह्याच मापात मार खातात. हे सगळं इंचात आणि सेंटिमीटरमध्ये मोबाईलच्या नोट्समध्ये लिहून ठेव आणि टेप पर्समध्ये टाक. गाळ्यावर गेलीस, कपडा आवडला, तिथंच पसरून मापायचा. कुणी हसत नाही, होलसेलवाल्यांना याची सवय असते. आणि मोठं माप हवं असलं तर सरळ "साय याय" म्हण, म्हणजे मोठी साइज, त्या मापाचेच कपडे ठेवणारे गाळे तिथं आहेत, ते तुला बोटानं दाखवतील. घालून बघायची वेळ आली तर सोय असावी म्हणून अंगात घट्ट टीशर्ट आणि लेगिंग घालून जा, म्हणजे वरूनच चढवून बघता येतं.

मग टुकार कसं ओळखायचं. कपडा हातात आला की पहिल्यांदा उलटा कर. सुलट बाजू सगळेच छान करतात. आतल्या शिवणीला ओव्हरलॉक (कड उसवू नये म्हणून मारतात ती शिलाई) नीट मारलंय का, दोरे लोंबतायत का, शिवणीच्या आत मार्जिन किती सोडलंय. मार्जिन अर्धा इंच असेल तर आपल्या टेलरला उसवून जागा काढता येते, सूतभर असेल तर तो पण हात वर करणार. झिप दोनदा वरखाली करून बघ, मधे अडकली तर ठेवून दे, झिप बदलायला इथं जेवढे पैसे जातात त्यात बचत संपली. शिवणीच्या दोन्ही बाजूंना धरून हळूच ओढ, सुया टोचल्यासारखी भोकं उघडी पडली तर तो ड्रेस पहिल्या धुण्यात नाही पण पहिल्या रिक्षात जाणार. मूठभर कापड हातात घट्ट चुरगळून दहा आकडे मोज आणि सोड. ऑफिसला घालणार आहेस, सकाळी इस्त्री करून स्कूटीवर बसायचं आणि बँकेत पोचेपर्यंत चुरगळ्याचा डोंगर नको. अजून एक, पांढरा रुमाल थोडा ओला करून कपड्याच्या आतल्या बाजूला घासून बघ, गडद लाल आणि काळ्याला तर हमखास. रंग रुमालाला लागला की समजायचं बाकीच्या धुण्याला पण लागणार.

घे काय, तर जे आपल्याकडं त्या कटमध्ये त्या भावाला मिळत नाही ते. वर चुण्या घातलेल्या उंच कमरेच्या पँटी, साधारण अडीचशे ते साडेतीनशे बाट, पडतात सुंदर आणि बँकेत शोभतात. मऊ कापडाचे कॉलरवाले सैल शर्ट. पातळ ब्लेझर, ज्याला आत फक्त खांद्यापुरतं अस्तर असतं, आपल्या हवेला बरोब्बर. तीन पँटी, चार टॉप, एक ब्लेझर एवढं अडीच हजार बाटच्या आसपास बसायला हरकत नाही, म्हणजे अर्धं बजेट अजून हातात. फक्त लेबल बघ, बरंच काही पॉलिएस्टर असतं. डिसेंबरात एसीत उभं राहून घेताना छान वाटतं, एप्रिलात बिंदू चौकातल्या सिग्नलला उभी राहिलीस की तोच शर्ट पाठीला चिकटतो. आणि खरं सांगतो, तिथल्या मालातला बराचसा चीनमधून येतो, तोच फ्रॉक आपल्या ॲपवर पण फिरत असतो, त्यामुळं गाळ्यावर उभं राहून एकदा फोटो सर्च मार. इथं दोनशेच कमी-जास्त असेल तर तिथून ओझं कशाला वाहायचं.

साधे कॉटनचे टीशर्ट आणू नकोस, तिरुपूरचा माल आपल्याकडं रस्त्यावर मिळतो. हत्तीची चित्रं छापलेली पँट एक घे, घरात घालायला लय भारी, पण चार नको, कोल्हापुरात कुणी दारात आलं की तू आत पळणार. ब्रँडचा शिक्का मारलेल्या डुप्लिकेट पर्सच्या नादाला लागू नकोस, दोन महिन्यात पट्ट्याचं सालपट निघतं. आणि चप्पल? कोल्हापूरची पोरगी बँकॉकवरून चप्पल घेऊन आली तर पापाच्या तिकटीवरून परत कुठल्या तोंडानं जायचं.

रिसेप्शनचा ड्रेस तिथं घेऊच नकोस. भावाचं लग्न आहे, फोटो आयुष्यभर राहणार, तुला हवी ती झगमग आणि तो भरगच्चपणा तिथल्या पार्टी ड्रेसला नाही, तिथला पार्टी ड्रेस म्हणजे बारीक पट्टे आणि गुडघ्याच्या वर, त्यात तुझी आजी पहिल्या रांगेत बसलेली. कुणी सांगेल पाहुरातला जा, तिथं भारतीय कापड मिळतं. अगं, पाहुरात म्हणजे तिथला लिटल इंडिया, आपल्याच शीख मंडळींची जुनी पेठ, बघायला जरूर जा, जिलेबी खा, पण कोल्हापुरातून बँकॉकला जाऊन भारतीय कापड आणायचं म्हणजे कमाल झाली. बजेटमधले हजार-दीड हजार बाट वाचवून आण आणि तो ड्रेस इथं शिवून घे.

भाव करायचं म्हणशील तर तुला जेवढं वाटतंय तेवढं अवघड नाही, उलट महाद्वारपेक्षा सोपं, कारण तिथं बोलावंच लागत नाही. बाई कॅल्क्युलेटरवर आकडा मारते, तुझ्याकडं फिरवते. तू तुझा आकडा मारतेस, तिच्याकडं फिरवतेस. ती "ओऽऽ" करते, हसते, मधला आकडा मारते. झालं. दोन वाक्यं पाठ कर, "थाउराय खा" म्हणजे केवढ्याला आणि "लोत दाय माय खा" म्हणजे कमी होईल का. शेवटचा खा सोडू नकोस, तो आपल्या 'अहो'सारखा आदराचा शब्द आहे. पण आपल्यासारखं निम्म्यापासून सुरुवात करून तणतणत निघून जायचं नाटक तिथं चालत नाही, आवाज चढला की त्यांचा चेहरा बंद होतो. दहा-वीस टक्के सुटले की बास. प्लॅटिनमला भाव बहुतेक ठरलेलेच, तिथं तीन पीसचा नियम हीच सूट. आणि सकाळी लवकर गेलीस तर मजा बघायला मिळेल. मी दुसऱ्या खेपेला प्रतुनामच्या गल्लीत दहाच्या आत पोचलो, एक शर्ट घेतला, तर त्या बाईनं माझ्या नोटा घेतल्या आणि गाळ्यातल्या टांगलेल्या कपड्यांवर एकेक करत टपटप आपटत गेली, तोंडानं काहीतरी पुटपुटत. मला आधी वाटलं नोटा खोट्या निघाल्या की काय. मग लक्षात आलं, अरे ही तर भवानी! आपला भाजीवाला पहिल्या गिऱ्हाईकाची नोट कपाळाला लावतो तसंच. भवानीच्या वेळेला त्यांना गिऱ्हाईक परत पाठवायचं जिवावर येतं, भाव जरा जास्तच सुटतो.

शनिवार-रविवार तुझ्या तारखांत येतोय का बघ, येत असला तर एक सकाळ चाटुचक बाजारासाठी ठेव. १५ हजारांवर गाळे, २७ विभाग, स्कायट्रेननं मो चित स्टेशनला उतरायचं नाहीतर मेट्रोनं कामफेंग फेतला, म्हणजे कपड्यांच्या बाजूनंच आत शिरतेस. नऊ-साडेनऊला जा, बारानंतर पत्र्याखाली भाजून निघशील. पाच-सहा नंबरच्या विभागात जुने कपडे मिळतात, जुन्या जीन्स, डेनिम जॅकेट, तुझ्या मापाला तिथंच जास्त वाव आहे कारण त्यातला जो माल अमेरिकेहून वापरून आलेला असतो त्याची मापं मोठी. घरी आलीस की आधी गरम पाण्यातून काढ म्हणजे झालं. एखादी वस्तू आवडली आणि "फिरून येताना घेऊ" म्हणालीस की गेली, तो गाळा तुला परत सापडत नाही, घड्याळाच्या मनोऱ्याभोवती गोल गोल फिरत बसशील. म्हणून गाळ्याच्या नंबराचा फोटो काढ. रोख बाट जवळ ठेव, सुटे असले तर अजून बरं.

वेळ उरला तर सियाम स्क्वेअरला नुसती चक्कर मार, तिथली कॉलेजची पोरं काय घालतात ते बघायला, घ्यायचं असलं तर युनियन मॉल स्वस्त पडतो. टर्मिनल २१ मध्ये प्रत्येक मजला जगातल्या एकेका ठिकाणासारखा सजवलाय, फोटो काढ, वर जेव आणि परत ये. पर्यटकांना टॅक्स परत मिळतो म्हणून कुणी सांगेल, पण त्याला एका दुकानात एका दिवसात किमान दोन हजार बाटची खरेदी लागते, बोर्ड लावलेलं दुकान लागतं, पासपोर्ट लागतो, आणि गाळेवाले यात बसतच नाहीत. तुझ्या बजेटला तो नाद सोड. टुकटुकवाला "आज राजवाडा बंद आहे, मी तुम्हाला मस्त टेलरकडं नेतो, एका दिवसात सूट शिवून" म्हणाला तर हसून हात जोड आणि चालू लाग, राजवाडा बहुतेक वेळा उघडाच असतो.

जायच्या आधी एक रविवार मोकळा काढ आणि टेप पर्समध्ये टाकून मामेबहिणीला घेऊन गांधीनगरला जा. आईला नेऊ नकोस. दोघी मिळून तीन पीस घ्या, कपडा उलटा करून बघा, मार्जिन बघा, भाव करा. चुकलीस तर दोनशे रुपयात चुकशील. आणि काकूनं यादीचं विचारलं तर सांग, माझं नाव घेऊन सांगितलंस तरी चालेल, मला त्या काही ओळखत नाहीत.